अरब कुमारांचे फुटबॉल आणि गोमंतक

भिवंडीतील ज्या अनेक घरांतून एखादा कर्ता माणूस आखाती मुलखात नोकरीस गेलेला आहे, त्या घरांतील फुटबॉलवेड्या मुलांना आवर्जून सांगावेसे वाटते की, अरब राष्ट्रांचे कुमार संघ आपल्या शेजारी, गोमंतकातच, येऊन खेळून गेले आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये तेथे सुरू झालेल्या सोळा वर्षांखालील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत इराक, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, ओमान व येमेन असे पाच अरब संघ उतरले होते. यजमान भारत अमिरातीकडून २-३ असा हरला, परंतु सौदीला त्याने ३-३ असे बरोबरीत रोखले. अंतिम सामना गोलशून्य राहिल्यावर पेनल्टींच्या फैसल्यात इराणला ४-२ असे नमवून, ज्या देशाची एक पिढी युद्धाच्या छायेत वाढली, त्या इराकने हे अजिंक्यपद प्रथमच संपादन केले.

मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती ऑगस्ट २०१८ मधील हकिगत. जॉर्डनमधील अम्मान येथे पश्चिम आशियाई महासंघाच्या कुमार स्पर्धेत, गोव्याचे बिबियानो फर्नांडिस यांच्या मार्गदर्शनाखाली खेळणाऱ्या आपल्या मुलांनी, सामना बरोबरीत सुटणार असे दिसत असताना, वाढीव वेळेत भुवनेशने डोक्याने मारलेल्या गोलाच्या बळावर त्याच इराकला १-० असे हरविले.

भिवंडीच्या पालकांनो, मुले संध्याकाळी चेंडू घेऊन मैदानाकडे निघाली, तर कृपया त्यांना अडवू नका.