बेल्जियमच्या ताब्यात होता देश, मग रवांडात क्रिकेट आले कुठून?

जानेवारी २०२३. दक्षिण आफ्रिकेत मुलींचा पहिला अंडर-१९ टी-२० वर्ल्ड कप. नवख्या रवांडाने आधी झिम्बाब्वेला आणि मग थेट वेस्ट इंडिजला हरवले. इंग्रजांची सत्ता कधीच नसलेल्या या देशात क्रिकेट पोहोचले कसे?

खेळ कोणी आणला?
१९९४ च्या नरसंहारात सुमारे १०० दिवसांत लाखो लोक मारले गेले. त्यानंतर युगांडा, केनियात वाढलेली निर्वासित कुटुंबे मायदेशी परतली. ब्रिटिशांमुळे तिथे क्रिकेट रुळलेले होते. तोच खेळ त्यांच्यासोबत आला. १९९९ मध्ये संघटना उभी राहिली, २००३ मध्ये आयसीसीचे सदस्यत्व मिळाले.

मैदान कुठे होते?
राजधानी किगालीतल्या किचुकिरो भागात, एका शाळेच्या आवारात. १९९४ मध्ये इथे हजारो लोक आश्रयाला आले होते. संयुक्त राष्ट्रांचे सैनिक निघून गेले आणि त्यातल्या बहुतेकांची कत्तल झाली. त्याच जागी पुढे मुले क्रिकेट शिकली.

पुणे कनेक्शन काय?
हक्काच्या स्टेडियमसाठी पैसा हवा होता. निधी उभारण्यासाठी २०१६ मध्ये कर्णधार एरिक दुसिंगिझिमाना याने नेटमध्ये ५१ तास बॅटिंग केली. आधीचा सुमारे ५० तासांचा विक्रम पुण्यातल्या तरुणाच्या नावावर होता. २०१७ मध्ये गहांगा स्टेडियम खुले झाले.

वेस्ट इंडिजला हरवणाऱ्या मुली नरसंहारानंतर जन्मलेल्या. मायदेशात क्रिकेट नव्हते, तो काळ त्यांनी पाहिलेलाच नाही.