पट्टा मोजून वॉर्बलर ओळखता येत नाही

"पंखावर एक पट्टा दिसतोय ना? मग ग्रीनिश वॉर्बलरच!" पाऊस ओसरला की हे वाक्य कानावर यायला लागतं, ते थेट एप्रिलपर्यंत. सोबत फोटो असतोच. फोटोत सगळा चिंचेचा पाला आणि कोपऱ्यात पालथं पडलेलं, हिरवट असं काहीतरी. त्यावर पट्टा मोजायचा आणि निकाल द्यायचा.

हा पट्टा म्हणजे काय ते आधी पाहू. पंखावरच्या आच्छादक पिसांची टोकं फिकट असतात. ती एका रांगेत आली की पट्टा दिसतो. दिवसभर पानांत घुसणाऱ्या पाखराची ही टोकं झिजतात. हिवाळा सरता सरता पट्टा पुसट होतो, कधी दिसतही नाही. वेस्टर्न क्राउन्ड वॉर्बलरला असतात दोन पट्टे, पण वरचा झिजला की उरतो एकच. ग्रीन वॉर्बलरलाही ठळक दिसतो तो एकच. तिघेही हिवाळ्यात सह्याद्रीत असतात. आता सांगा, त्या एका पट्ट्यावरून काय ठरवायचं? रंगाचं तर बोलूच नका. पाल्यातून झिरपलेल्या उजेडात पांढरं पोटसुद्धा पिवळट-हिरवं दिसतं.

ओळखायचं आवाजावरून. ग्रीनिश वॉर्बलर 'चिस्वी' असं दोन तुकड्यांचं, धारदार ओरडतो. पांढऱ्या धोब्याच्या आवाजाशी बऱ्यापैकी जुळणारं. ग्रीन वॉर्बलरच्या हाकेत सहसा तिसरा तुकडा येतो. वेस्टर्न क्राउन्डच्या माथ्यावर मधोमध फिकट रेघ असते. ती पाहायला मिळाली तर उत्तमच, पण तो शेंड्याला आणि आपण बुंध्याशी, तेव्हा मिळेलच असं नाही.

"आवाजावरून ओळखणं म्हणजे अंदाजपंचे" म्हणणाऱ्यांसाठी दोन दाखले. इंग्लंडातल्या गिल्बर्ट व्हाइटने अठराव्या शतकात, दुर्बिणीशिवाय, तोवर एकच समजल्या जाणाऱ्या पर्णवटवट्यांचे, म्हणजे याच गटातल्या वॉर्बलरांचे, तीन प्रकार वेगळे केले, ते मुख्यतः त्यांच्या गाण्यावरून. दुसरा दाखला खुद्द ग्रीनिशचा. तिबेटच्या पठाराला वळसा घालून हा पक्षी दोन्ही बाजूंनी सायबेरियापर्यंत पसरलाय. तिथे पश्चिमेचे आणि पूर्वेचे पक्षी समोरासमोर येतात, पण एकमेकांच्या गाण्याला आपलं मानत नाहीत. डॅरेन अर्विन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2001 साली 'नेचर'मध्ये आलाय. पाखरंच आवाजावर विसंबतात. आपण झूम करत बसतो.

शिवाय ऐकणं सोपं आहे. ग्रीनिश इथे आला की हिवाळ्यापुरती स्वतःची हद्द आखतो आणि दिवसभर ओरडून ती राखतो. ट्रेव्हर प्राइस यांनी दक्षिण भारतात केलेला याचा अभ्यास 1981 साली 'आयबिस'मध्ये छापून आला. म्हणजे आज ज्या आंब्यावर ऐकला, तिथेच उद्याही भेटण्याची शक्यता बरीच.

बाकीचे गैरसमज भराभर उरकू. बागेतल्या शिवलेल्या पानातलं घरटं याचं नव्हे, शिंप्याचं. माथा तांबूस आणि शेपटी उभी असेल तर पक्षीही शिंपीच. ग्रीनिशची वीण हिमालयात आणि त्याच्या उत्तरेला होते, घुमटाकार घरटं बहुधा जमिनीवर किंवा जमिनीलगत. मार्च-एप्रिलमध्ये तो इथे गाऊ लागला म्हणून जोडी जमली असं समजू नका. परतीआधी तो इथेही गातो. तो थंडीला घाबरून येतो हेही खरं नाही. उत्तरेत किडे संपायच्या आधीच, कडाका पडायची वाट न बघता, ही मंडळी निघतात. राखी वटवट्या मात्र बारमाही इथलाच, लांब शेपटीचा आणि झुडपांतला. त्याला पाहुणा म्हणू नका. खडकांवर किंवा बुंध्यावर सरसर चढणारा, पट्टाच नसलेला आणि पोटाला गंधकी पिवळा असेल, तर तो सल्फर-बेलीड वॉर्बलर.

आणि "खात्रीसाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवला तर काय बिघडतं?" बिघडतं. हद्दीत दुसरा शिरला असं समजून तो खाणं सोडून धावत येतो. जेमतेम आठ ग्रॅमच्या जिवाला दिवसभर किडे टिपावे लागतात.