बळ्ळारी नाल्याच्या पुराचे गणित

बेळगावच्या शिवारातून मार्कंडेय नदीकडे जाणाऱ्या बळ्ळारी नाल्यासारख्या प्रवाहांचा महत्तम विसर्ग, म्हणजे पूर शिगेला असताना दर सेकंदाला वाहणारे घनमीटर पाणी, काढण्यासाठी जुन्या मुंबई इलाख्यात इंग्लिस यांचे सूत्र रूढ झाले: १२४क्ष ÷ √(क्ष + १०.४), ज्यात क्ष हे चौरस किलोमीटरमधील पाणलोट क्षेत्र असते. घाटमाथ्याजवळच्या पंख्याच्या आकाराच्या खोऱ्यांवर बेतलेले हे सूत्र १० चौरस किलोमीटरला सुमारे २७५ घनमीटर दाखवते, जे सांबऱ्याकडील सपाट रानाला अवास्तव ठरेल. अशा लहान पाणलोटासाठी पावसाची तीव्रता, क्षेत्र आणि अपवाह गुणांक, म्हणजे जमिनीत न मुरता वाहून जाणारा हिस्सा, यांचा गुणाकार अधिक योग्य. मात्र शेतावर काँक्रीट चढले की हा गुणांक वाढतो, म्हणून जुन्या मोऱ्यांचे माप पुन्हा तपासलेच पाहिजे.