गोल्फ कोर्सवरचं गवत किती वाढवायचं? 'रफ'चा वाद नेमका काय आहे?

ठाकुर्लीत गोल्फ कोर्स नाही. पण बॉल गवतात हरवला की काय होतं, हे गल्ली क्रिकेट खेळलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पावसाळ्यात मैदानाच्या कडेला गवत माजतं, बॉल आत जातो, 'ज्याने मारला त्याने आणायचा' यावर भांडण होतं आणि मॅच थांबते.

गोल्फमध्ये हे गवत मुद्दाम वाढवतात. त्याला म्हणतात 'रफ'. ते किती वाढवावं, यावर जगभर वाद आहे.

रफ म्हणजे काय?

बॉल जिथे पडायला हवा, तो बारीक कापलेल्या गवताचा पट्टा म्हणजे फेअरवे. त्याच्या दोन्ही बाजूंचं उंच गवत म्हणजे रफ. फटका भरकटला, तर ही शिक्षा. पण रफची उंची किती असावी हे नियमपुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. ते मैदान सांभाळणारे आणि स्पर्धा भरवणारे ठरवतात.

गवतामुळे काय बिघडतं?

गोल्फच्या बॉलचा व्यास जेमतेम 4.27 सेंटीमीटर असतो. गवत थोडं वाढलेलं असेल तर ते क्लब आणि बॉलच्या मध्ये येतं. बॉलला फिरकी कमी मिळते आणि तो हिरवळीवर न थांबता पुढे पळतो. गवत दाट असेल तर ते क्लबला गुंडाळतं आणि क्लबचं तोंडच वळतं.

2025 ची यूएस ओपन अमेरिकेतल्या ओकमाँटला झाली. तिथला रफ सुमारे 5 इंच, म्हणजे एकावर एक तीन बॉल ठेवावेत इतका उंच होता. चार दिवसांनंतर पारपेक्षा कमी फटक्यांत खेळ संपवणारा एकच खेळाडू होता, विजेता जे. जे. स्पॉन. तोही फक्त एका फटक्याने.

मग रफ वाढवला की चांगला खेळाडूच जिंकतो?

नेहमी नाही. 2020 मध्ये विंग्ड फूटच्या मैदानावर ब्रायसन डिशॅम्बोने जमेल तितका लांब फटका मारायचा, बॉल गवतात गेला तरी चालेल, असं ठरवलं. चार दिवसांत 56 पैकी 23 वेळाच त्याचा बॉल फेअरवेवर पडला, तरी तो 6 फटक्यांनी जिंकला. हिरवळीच्या जवळ पोचल्यावर छोटा क्लब आणि दणकट मनगट पुरेसं ठरलं.

म्हणजे सगळीकडे उंच रफ ठेवला की ताकदवान खेळाडू सुटतो. अडकतात ते ज्येष्ठ, नवखे आणि कमी जोर असलेले.

यावर एक उपाय 2006 ची यूएस ओपन याच मैदानावर झाली तेव्हा केला गेला. फेअरवेजवळचं गवत कमी आणि लांबचं जास्त वाढवलं. जितकी मोठी चूक, तितकी मोठी शिक्षा. मास्टर्स स्पर्धेच्या ऑगस्टा मैदानावर तर 1999 पर्यंत रफ जवळजवळ नव्हताच. तिथली परीक्षा हिरवळीचे उतार घेतात.

महाराष्ट्रात काय अडचण आहे?

पुण्यात 1886 पासून पूना गोल्फ क्लब आहे, चेंबूरला 1927 पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी. खारघरला सिडकोने गोल्फ कोर्स उभारला आहे. उष्ण प्रदेशातल्या कोर्सवर 'बर्म्युडा' गवत सर्रास असतं. ते म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. तिच्या रफमध्ये बॉल तळाशी जाऊन बसतो.

त्यात आपला पाऊस. गवत भराभर वाढतं आणि ओल्या जमिनीवर कापणीचं जड यंत्र घालता येत नाही. म्हणजे कुणी न ठरवताच रफ अवघड होतो.

बॉल शोधायला 2019 पासून पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. सापडला नाही तर एक फटका दंड आणि पुन्हा मागे जाऊन मारायचं. मागचे गट खोळंबतात. म्हणून क्लबांना एक स्थानिक नियम लावता येतो. त्यात दोन फटके दंड घेऊन पुढूनच खेळता येतं.

मग किती असावा?

व्यावसायिक स्पर्धेत रफ कडक असला तरी चालतं. तिथे बॉल कुठे पडला हे बघायला माणसं उभी असतात. रोजच्या खेळासाठी कसोटी सोपी आहे: बॉल सापडला पाहिजे, पण पुढचा फटका फुकटात मिळता कामा नये. बॉलच सापडत नसेल, तर ती खेळाची परीक्षा राहत नाही, नशिबाची होते.