सिस्टर, तेवढं एकच सांगा!

वस्तीतली एखादी मुलगी नर्स झाली की ती एका घरची राहत नाही, सगळ्या वस्तीची सिस्टर होते. ही अभिमानाची गोष्ट आहे यात शंका नाही. परंतु त्याच दिवसापासून तिच्यामागे प्रश्नांचा ससेमिरा लागतो. लग्नाच्या पंगतीत, विहारातून बाहेर पडताना, एस.टी.च्या स्टँडवर, रात्रपाळी करून आलेली असताना फोनवर, कुठेही कोणी ना कोणी म्हणतेच, "ताई, तेवढं एकच सांगा."

विचारणाऱ्याला ते 'एकच' वाटते. पण तो प्रश्न कसा असतो पाहा. "मुलीला बारावीला 52 टक्के आहेत, बायोलॉजीत 61, इंग्रजीत 43, सीईटीचे मार्क अमुक, दाखला तालुक्याचा आहे, तर तिला दुसऱ्या फेरीत अमक्या कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंग मिळेल का? हो की नाही, तेवढंच सांगा." किंवा, "आईची साखर सकाळी 240 होती, गोळी अर्धी देऊ की पूर्ण?"

मी सरकारी रुग्णालयात अनेक वर्षे सेवा केली. वॉर्डात शंभर कामे करून माणूस थकत नाही इतके या प्रश्नांनी थकवले, हे आज मोकळेपणाने लिहिते. विचारू नका, असे मला म्हणायचे नाही. विचारल्याशिवाय आपल्या मुली पुढे कशा जाणार? परंतु ज्याचे उत्तर समोरच्या माणसाकडे असूच शकत नाही असा प्रश्न विचारला, की उत्तराऐवजी अंदाज मिळतो. आणि त्या अंदाजावर मुलीचे वर्ष, बापाचे पैसे आणि कधी कधी रोग्याचा जीव टांगलेला असतो.

औषधाचे मोजमाप आणि फोनवरचा सल्ला

आधी औषधाचे पाहू. "इन्सुलिन 20 युनिट लिहिलंय, सिरिंज कुठवर भरू?" हा प्रश्न मला कितीतरी वेळा आला आहे. वाटते की यात काय अवघड? 20 च्या रेघेपर्यंत भरा. पण आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत 1 मिलीमध्ये 40 युनिट, दुसरीत 1 मिलीमध्ये 100 युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या. 40 ची साधारण लाल टोपणाची, 100 ची नारिंगी टोपणाची. बाटली 100 ची आणि सिरिंज 40 ची घेऊन 20 च्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात 20 नव्हे, 50 युनिट जातात. साखर एकदम खाली येऊन रोगी बेशुद्ध पडतो. उलट बाटली 40 ची आणि सिरिंज 100 ची असेल, तर जेमतेम 8 युनिट जातात आणि "इन्सुलिन लागूच पडत नाही" म्हणून घरचे रडतात. फोनवर मला बाटली दिसत नाही, सिरिंज दिसत नाही. मग मी 'हो' कोणत्या तोंडाने म्हणू?

बाळाच्या तापाचेही तसेच. "पॅरासिटामॉल किती एम.एल. पाजू?" अहो, एका बाटलीत 5 मिलीला 120 मिलिग्रॅम औषध असते, दुसरीत 5 मिलीला 250, आणि थेंबांच्या बाटलीत 1 मिलीतच 100. मात्रा बाळाच्या वजनावर ठरते. बाटली माहीत नाही, वजन माहीत नाही, आणि मिली मात्र हवेत.

वॉर्डात आम्ही औषध देतो तेव्हा डॉक्टरांची लेखी सूचना हाती असते, केसपेपर असतो, रोगी समोर असतो. त्यातले काहीही नसताना सांगितलेली मात्रा म्हणजे निव्वळ अंदाज होय.

प्रवेशाचे गणित

आता प्रवेशाचे. महाराष्ट्रात 2023 पासून बी.एस्सी. नर्सिंगसाठी स्वतंत्र सीईटी सुरू झाली. कोणत्या कॉलेजची यादी किती गुणांवर थांबेल, हे त्या वर्षी किती मुलींनी अर्ज केले, त्यांना किती गुण पडले, त्यांनी कोणती कॉलेजे आधी मागितली आणि किती जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या यावर ठरते. फेरी पूर्ण होईपर्यंत ते खुद्द प्रवेश समितीलाही सांगता येत नाही. मग वीस वर्षांपूर्वी शिकलेली शेजारची सिस्टर काय सांगणार?

दाखल्याचा प्रश्नही नेहमीचाच. "दाखल्यावर बौद्ध लिहिलंय, चालेल का?" 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती लागू झाल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु राज्याच्या अर्जाला कोणता नमुना लागतो, केंद्राच्या संस्थेला कोणता, जात वैधता प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत हवे, हे त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे लागते. तिथे 'माझ्या भाचीचं चाललं होतं' हा पुरावा चालत नाही.

बारीक प्रश्नात मोठा प्रश्न हरवतो

माझी खरी खंत वेगळीच आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलीने बारावीनंतर एका खाजगी संस्थेत एक वर्षाचा 'नर्सिंगचा कोर्स' केला. प्रवेशाआधी तिच्या घरच्यांनी सगळे विचारले होते. फी किती हप्त्यांत? ड्रेसचा रंग कोणता? होस्टेलात डबा चालतो का? सुट्टी किती? सगळ्याची उत्तरे मिळाली, पैसे भरले गेले. वर्ष संपल्यावर ती प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे आली. "ताई, यावर झेड.पी.त लागेल का?" मी कागद पाहिला. त्या कोर्सवर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणीच होत नव्हती. नोंदणी नाही म्हणजे कायद्याने ती नर्स नाही. खाजगी ठिकाणी मदतनीस म्हणून तुटपुंज्या पगारावर राबण्यापलीकडे तिच्या हाती काही आले नाही. तिच्या बापाने उसने काढलेले पैसे फेडायला पुढे कितीतरी दिवस गेले.

"या शिक्षणानंतर परिषदेत नोंदणी होते का?" हा एक साधा, मोठा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

'मोठी झाली' म्हणणाऱ्यांना

"मला माहीत नाही, कार्यालयात विचारा" असे सांगितले की पाठीमागे शेरा ठरलेला. "शिकली, मोठी झाली, आता आपल्या माणसांना सांगायला जिवावर येतं." हे ऐकून अनेक जणी मग काहीतरी सांगून मोकळ्या होतात. वाईटपणा नको म्हणून दिलेले ते उत्तर वाईटच ठरते.

विचारणाऱ्यांचे दुःखही मी जाणते. काही घरांत एक मामा मंत्रालयात असतो, एक काका डॉक्टर असतो. आपल्याकडे पुष्कळ वस्त्यांत मिळून एकच सिस्टर असते. कार्यालयाच्या खिडकीवर कोणी नीट बोलत नाही, इंग्रजी फॉर्म कळत नाही, म्हणून माणूस ओळखीच्या दारात येतो. सगळी हकिगत एका दमात सांगतो आणि 'हो' ऐकायला थांबतो. त्याला खोटा धीर देण्यापेक्षा त्या खिडकीपर्यंत सोबत करणे, फॉर्म वाचून दाखवणे हे आम्ही शिकलेल्यांचे काम आहे. तेवढे करायला आम्ही बांधील आहोत.

मग विचारावे काय?

सिस्टरला विचारा की हे काम कसे असते, रात्रपाळी कशी जाते, अभ्यास कुठे जड जातो. ए.एन.एम. दोन वर्षांचे, जी.एन.एम. तीन वर्षांचे आणि बी.एस्सी. चार वर्षांचे, यांत फरक काय हे विचारा. जी.एन.एम.ला बारावीची कोणतीही शाखा चालते, बी.एस्सी.ला मात्र भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते, हे ती मुलगी दहावीत असतानाच विचारा.

संस्थेला विचारा की राज्य परिषदेची मान्यता या वर्षाची आहे का. बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता आहे का. प्रात्यक्षिकासाठी रुग्णालय कोणते. भारत सरकारची शिष्यवृत्ती या अभ्यासक्रमाला लागू आहे का. तोंडी उत्तरावर थांबू नका, कागद मागा आणि परिषदेकडून ताडून पाहा. परदेशी पाठवणारा एजंट भेटला तर त्याची सरकारी नोंदणी आधी तपासा, पगाराचे मागाहून बोला.

औषधाचा प्रश्न ज्या डॉक्टरांनी औषध लिहिले त्यांना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. जाताना चिठ्ठी, बाटली आणि सिरिंज सोबत न्या. रोगी गळून गेला, बेशुद्ध झाला, तर सिस्टरला फोन लावत बसू नका, 108 लावा.

भगिनींनो, 'मला माहीत नाही' असे स्पष्ट सांगणाऱ्या सिस्टरवर रागावू नका. ती तुमच्या मुलीचे वर्ष आणि तुमच्या आईचा जीव सांभाळत असते. तिच्याकडून पत्ता घ्या, कोणते कागद लागतात ते लिहून घ्या, आणि मुलीला बरोबर घेऊन त्या कार्यालयात जा. तिथे प्रश्न मुलीलाच विचारू द्या. उद्या वॉर्डात उभे राहून तिलाच डॉक्टरांना विचारायचे आहे.