माहेरची साडी, वहिनी आणि माझी थिअरी

एम.फिल.ला नाव घातलं तेव्हा मला दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक म्हणजे लग्नाला सात वर्षं झाल्यावर, दोन लहान मुलं सांभाळून मी पुन्हा अभ्यासाला बसले होते. आणि दुसरी म्हणजे माझ्या पिशवीत लॉरा मल्वी या ब्रिटिश अभ्यासक बाईंच्या एका निबंधाची झेरॉक्स होती. निबंध १९७५ चा. हॉलिवूडच्या सिनेमात पुरुष बघतो आणि बाई बघितली जाते. कॅमेरा पुरुषाच्या डोळ्याने बघतो आणि आपल्यालाही तसंच बघायला लावतो, असं त्या निबंधाचं म्हणणं. तो वाचल्यापासून मला जळी-स्थळी पुरुषी नजर दिसायला लागली होती. अगदी साबणाच्या जाहिरातीतसुद्धा!

नेमका त्याच सुमाराला ‘माहेरची साडी’ आला. विजय कोंडके यांचा १९९१ चा सिनेमा. तुमच्यापैकी कितीजणींनी तो थिएटरात पाहिला असेल, हे मी विचारत नाही, कारण उत्तर मला माहीत आहे. मी माहेरी गेले होते, वाळवा तालुक्यात. वहिनी म्हणाली, “वन्सं, जाऊया की सांगलीला. आत्याबाईपण येतो म्हणाल्यात.” आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आई. आई सिनेमाला येते म्हणजे गोष्ट साधी नव्हती. थिएटरबाहेर टेम्पो उभे होते, एक ट्रॅक्टरची ट्रॉलीही होती, आणि सगळीकडे नुसत्या बायका. काखेत पोरं, पिशवीत भाकरी.

आत गेल्यावर मी वही काढली. हो, अंधारात वही! पडद्यावर अलका कुबलची लक्ष्मी. आईच्या मरणाचं खापर तान्हेपणीच हिच्या माथ्यावर फुटलेलं, बाप तोंड बघायला तयार नाही, भाऊ मात्र जीव टाकणारा. सासरी उषा नाडकर्णींची सासू. मग छळ, छळ आणि छळ. माझ्या डाव्या बाजूला वहिनी रडत होती, उजव्या बाजूला आई. मागच्या रांगेतून तर हुंदक्यांचा आवाज येत होता. मी लिहून घेतलं, ‘सोशिकपणाचं उदात्तीकरण’. आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

परतीच्या एस.टी.त मी वहिनीला लेक्चर दिलं. बायकांना रडवून पैसे कमावणारा हा धंदा आहे, ही नायिका एकदाही उलटून बोलत नाही, आणि तुम्ही अशा सिनेमाला रडता म्हणजे तुमच्यावरच्या अन्यायाला तुम्हीच हातभार लावता. असं बरंच काही. वहिनी ऐकत होती. मग म्हणाली, “तुमचं बरोबर असंल वन्सं. तुम्ही शिकलेल्या.” आणि खिडकीकडे तोंड करून बसली. आई तर झोपलीच होती, किंवा झोपेचं सोंग घेत होती.

त्यानंतर वहिनी माझ्याशी लोणच्याबद्दल बोलली, पोरांच्या दहावीबद्दल बोलली, सिनेमाबद्दल कधी बोलली नाही. माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. मी त्या सिनेमावर एक टीकालेख लिहिला, तो छापून आला, सहकाऱ्यांनी पाठ थोपटली.

मध्ये चौदा-पंधरा वर्षं गेली. २००६ मध्ये वडील गेले. तेराव्यानंतर दादाने माझ्यासमोर एक कागद ठेवला. हक्कसोडपत्र. “नुसती रीत आहे गं,” तो म्हणाला, “सगळ्याच बहिणी करतात.” मी पेन उघडलं होतं. खोटं कशाला सांगू, वर्गात स्त्रीवाद शिकवणारी मी, पहिल्या पानावरची नावं सोडून काहीही न वाचता सही करणार होते. दादा चहाचा कप घेऊन सोप्यात गेला तशी वहिनी हळूच म्हणाली, “वन्सं, चष्मा लावून वाचा आधी. मी वाचलं नव्हतं.”

मग तिने सांगितलं. तिचं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागेचं. सिनेमाच्या आदल्या वर्षी, १९९० मध्ये, तिचे वडील वारले. भाऊ गाडी घेऊन आला, कचेरीत घेऊन गेला, सही झाली. येताना बाजारपेठेत गाडी थांबवून भावाने तिला साडी घेतली. हिरवी, मोठ्या काठांची. पुढे भावजयीशी काहीतरी बिनसलं आणि येणं-जाणंच खुंटलं. “आणि वर्षाच्या आत तो सिनेमा आला बघा. नावच ते! मी त्या बाईसाठी रडत नव्हते हो, वन्सं. मी माझ्या साडीसाठी रडत होते.”

मी आयुष्यभर पुस्तकांतून जे शोधत होते, ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेलं होतं आणि मी वहीत रेघा ओढत होते.

त्या दिवशी मी सही केली नाही. त्याची कथा पुढे थोडी सांगते. पण आधी दुसरी कबुली. मी माझी जुनी झेरॉक्स पुन्हा काढली आणि लक्षात आलं, की चूक मल्वीबाईंची नव्हतीच, माझी होती. ‘माहेरची साडी’त नायिकेकडे लाळघोट्या नजरेने बघणारा कॅमेरा नाहीच मुळी! तो बघतो तिच्या डोळ्यांकडे आणि तिच्या वाट बघण्याकडे. चावी दुसऱ्याच कुलपाची होती, मी तीच लावून खटपट करत बसले होते. खुद्द मल्वीबाईंनी १९८१ मध्ये पुरवणी निबंध लिहून विचारलं होतं, की प्रेक्षागृहात बसलेल्या बाईचं काय? तो मला कुणी झेरॉक्स करून दिला नव्हता, आणि मीही शोधला नव्हता.

खरी चावी मिळाली ती पीटर ब्रुक्स यांच्या १९७६ च्या मेलोड्रामावरच्या पुस्तकात. आपण ‘मेलोड्रामा’ हा शब्द शिवीसारखा वापरतो. ब्रुक्स म्हणतात, त्यातला भडकपणा बाजूला ठेवा आणि बघा नाटक कशासाठी धडपडतंय. चांगुलपणा मुका आहे, त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही, आणि शेवटी चारचौघांत त्याची ओळख पटली पाहिजे, त्यासाठी सगळा खटाटोप. ओळख पटणं! आपल्याला हे नवीन आहे का? शाकुंतलाच्या नावातच ‘अभिज्ञान’ आहे. अंगठी सापडते आणि राजाला ओळख पटते. इथे बापाला उशिरा उपरती होते. थिएटरातल्या बायका छळ बघायला येत नव्हत्या, त्या ‘ही चांगली होती’ असं कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणावं, ते ऐकायला येत होत्या. घरी ते कोण म्हणत होतं?

आणि भडकपणाचंच म्हणाल तर गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ मी दरवर्षी भक्तिभावाने शिकवत आले. १९१९ मध्ये तो रंगभूमीवर आला, बालगंधर्वांच्या सिंधूने आमच्या आज्यांना रडवलं. सिंधूही सोसते, सोसत मरते. तिलाही पद्माकरसारखा भाऊ आहे, भरलेलं माहेर आहे, आणि ती नवऱ्याचं घर सोडत नाही. तिच्या रडण्याला आम्ही करुण रस म्हणतो, परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न टाकतो. आणि टेम्पोतून आलेल्या बायकांच्या रडण्याला? गडकऱ्यांची भाषा कुठे आणि हे संवाद कुठे, हे मला कळतं, बरोबरी करत नाही मी. पण रडणाऱ्या बायकांची प्रतवारी मी भाषेवरून करत होते, हेही खरं.

मग मी वर्गात एक उद्योग केला. टी.वाय.च्या मुलींना सांगितलं, ज्यांनी हा सिनेमा त्या काळी पाहिला अशा घरातल्या, शेजारच्या बायकांशी बोला. सिनेमा चांगला की वाईट हे विचारायचं नाही. कुणाबरोबर गेलात, काय आठवतं, एवढंच. कल्पना माझी नव्हे. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी प्रेमकथांच्या स्वस्त कादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींना असंच जाऊन विचारलं होतं, त्यावर त्यांचं १९८४ चं पुस्तक आहे. त्या बायका म्हणाल्या होत्या, पुस्तक हातात असतं तेवढा वेळ आमचा स्वतःचा असतो.

मुलींनी आणलेल्या वह्या मी अजून ठेवल्यात. कथानक धड कुणालाच आठवत नव्हतं. भाऊ मात्र सगळ्यांना आठवत होता. एकीला थिएटरात खाल्लेल्या शेंगा आठवत होत्या. एक आजी म्हणाल्या, सासूबाईंनी मला सिनेमाला नेलं ते तेवढं एकदाच. एका मुलीच्या आईने सांगितलेलं मी वर्गात मोठ्याने वाचू शकले नाही, “घरात रडायला जागा कुठं होती?” आणि आणखी एक गोष्ट, जी मला सांगलीच्या त्या थिएटरात दिसूनही दिसली नव्हती. तिथे सासवाही रडत होत्या. माझी आई, जिने वहिनीला कमी त्रास दिला नव्हता, ती वहिनीच्या जोडीने रडत होती. अंधारात सासू कुणीच नव्हती, सगळ्या कुणाच्या तरी लेकी होत्या. भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिणाऱ्यांनी ज्याला साधारणीकरण म्हटलं, ते मी पाठ केलं होतं.

म्हणून सिनेमाला सगळं माफ का? नाही. पिएर माशेरे नावाचे फ्रेंच अभ्यासक सांगतात, कलाकृती काय बोलते यापेक्षा काय बोलत नाही ते ऐका. ‘माहेरची साडी’ साडीबद्दल एवढं बोलतो आणि वाटणीबद्दल चकार शब्द काढत नाही. माहेर म्हणजे माया, एवढंच. सात-बारा कुठेच नाही. महाराष्ट्रात १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क मिळाला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. माझ्यासारखीला तो मिळाला २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनंतर. दादाचा कागद त्यानंतर जेमतेम वर्षभरात आला होता.

माझं नाव शेवटी लागलं सात-बाऱ्यावर. दादा आठ महिने बोलला नाही. त्या भाऊबीजेला त्याने बोलावलं नाही, साडीही आली नाही. पाडव्याला वहिनीचा फोन आला होता, “वन्सं, यंदा करंज्या बिघडल्या बघा.” बाकी काही नाही. पुढच्या वर्षी दादाच येऊन घेऊन गेला. पण आमच्यात काहीतरी मोडलं ते मोडलंच, ते कुठल्या थिअरीने सांधलं नाही.

गेल्या मे महिन्यात माहेरी गेले तर दुपारी टीव्हीवर ‘माहेरची साडी’ लागला होता. वहिनी आता सत्तरीला आलीय, गुडघे धरलेत. आम्ही दोघी पलंगावर पाय पसरून बघत बसलो. वही नव्हती. भाऊ पडद्यावर आला तशी वहिनी म्हणाली, “गुणाचा आहे पोरगा. पण वन्सं, ह्याला एकदा विचारायला पायजे होतं, बापाच्या माघारी उताऱ्यावर नावं कुणाकुणाची लावलीस?”

आणि एवढं बोलून तिने पदर डोळ्यांना लावला.