पाय मुरगळला, आता काय करायचं?

खेळाचं वेड आपल्या भागाला नवं नाही. १९७० साली एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्णपदक मिळवणारे हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्याचे. २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये उद्घाटनाच्या दिवशी देशाचा ध्वज ज्या दोघांच्या हाती होता, त्यांतल्या गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव नांदेड जिल्ह्याच्या. त्यामुळे हल्ली मुलीही हौसेने मैदानावर जातात. पण मुलगी लंगडत घरी आली की घरात चार तोंडांतून चार उपाय निघतात. सासूबाई आंबेहळदीचा ऊन ऊन लेप सुचवतात, शेजारच्या काकू पाय चोळून देणाऱ्या बाईचं नाव सांगतात, आणि ‘हे’ म्हणतात, “कशाला खेळायला पाठवतेस?”

हे शेवटचं वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. आठवीतल्या एका मुलीने घोट्याची सूज तीन दिवस मोज्याखाली लपवली होती. का, तर “घरी कळलं तर खो-खो बंद करतील.” फोटो काढला तेव्हा हाडाला चीर निघाली. मुलींनी दुखणं सांगावं असं वाटत असेल, तर ऐकून घेताना आपल्या कपाळाला आठ्या नकोत.

आता घोट्याचंच बघू, कारण खो-खो, कबड्डीत तोच जास्त मुरगळतो. नुसता लचकला की हाड मोडलं, हे कसं ओळखायचं? १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी यासाठी सोपे नियम केले आणि ते आज जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचे उंचवटे असतात. त्यांच्या टोकावर आणि मागच्या कडेवर, चार बोटं वरपर्यंत, हलकेच दाबून पाहा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड बोटाला लागतं ते, आणि आतल्या बाजूला घोट्यापुढचं हाड. यांपैकी कुठेही हाडावर दाबल्यावर कळ आली, किंवा लंगडत का होईना पण चार पावलं टाकता आली नाहीत, तर फोटो काढायलाच हवा. सूज किती आली यावर जाऊ नका. नुसत्या लचकण्यानेही पाय भोपळ्यासारखा सुजतो. अगदी लहान मुलांना मात्र हा नियम लावू नये, त्यांना सरळ डॉक्टरांकडे न्यावं. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीचा भाग कच्चा असतो, म्हणून मुलांचा पाय ओढून ‘बसवणं’ तर मुळीच नको. चोळणारीचा हात कितीही हलका असो, पहिले दोन-तीन दिवस चोळणं, शेकणं, ऊन लेप सगळं बंद. आतून रक्त झिरपत असतं, ते याने वाढतं.

मग करायचं काय? खेळ थांबवा, पाय उशीवर उंच ठेवा आणि क्रेप बँडेज पावलाकडून वर बांधत न्या. बोटं निळी-गार पडली किंवा मुंग्या आल्या तर सैल करा. बर्फ जुन्या सुती फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दोन-तीन तासांनी पुन्हा. उघडा बर्फ कातडीवर नको. वीज नसेल तर माठातल्या पाण्याचं ओलं फडकं चालेल. बर्फाचं हे शास्त्र १९७८ साली अमेरिकेतल्या डॉ. गेब मिर्किन यांनी रूढ केलं आणि पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं, की बर्फाने दुखणं थांबतं, पण बरं व्हायला उशीर होऊ शकतो. म्हणून ठणका असेल तेवढाच लावावा. दोन-तीन दिवसांनी सोसेल तसा पाय हलवू, टेकवू द्या. महिनाभर खाटेवर बसवून ठेवलं तर पाय उलट आखडतो.

हात किंवा पाय वाकडा दिसला तर सरळ करू नका. आहे तसाच लाटणं किंवा जाड गुंडाळलेलं वर्तमानपत्र लावून बांधा, हात असेल तर ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवा आणि १०८ ला फोन करा. पोटात काही देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते.

आपली मैदानं मुरमाची. पडलं की गुडघ्यात खडे रुततात. वाहत्या स्वच्छ पाण्याने खडा न् खडा निघेपर्यंत धुवा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या बायकांना पाणी जपून वापरायला शिकवायला नको, पण इथे हात आखडता घेऊ नये. जखमेत हळद, चहापूड, माती नको. धनुर्वाताची लस शाळेत दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळते, ती घेतली होती का ते आठवून डॉक्टरांना सांगा.

घोळणा फुटला की मान मागे टाकून डोक्यावर पाणी थापतात. तसं करू नये, रक्त घशात उतरतं. मान पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरावा. मधूनमधून सोडून बघायचं नाही. चेंडू लागून पक्का दात निखळला तर मूळ न धरता, वरच्या पांढऱ्या भागाला धरून थंड दुधात टाका आणि अर्ध्या तासात दाताचे डॉक्टर गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

डोक्याच्या माराबद्दल मात्र मी कुणाचं ऐकत नाही. टेंगूळ लहान का असेना, चक्कर आली, तेच तेच विचारू लागली, गोंधळली, तर त्या दिवशी खेळ बंद, सामना अंतिम असला तरी. उलट्या, वाढती झोप, डोकेदुखी वाढत जाणं, एक बाहुली मोठी दिसणं, झटका येणं, यांतलं काहीही झालं तर ताबडतोब मोठ्या दवाखान्यात. मान दुखते म्हणाली तर हलवूच नका, १०८ येईपर्यंत डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा. मुखेड, अहमदपूरकडून नांदेड-लातूरला पोचायला वेळ लागतो, म्हणून वाट पाहण्यात रात्र घालवू नये.

मुलीच्या दप्तरात डब्याबरोबर एक क्रेप बँडेज आणि धुतलेलं सुती फडकं ठेवा. शाळेतल्या पेटीत ते असतंच असं नाही, आणि असलं तरी पेटीची किल्ली कुणाकडे आहे हे सामन्याच्या दिवशी कुणाला आठवत नाही!